अतीत कोण?

काळुराम गोष्ट सांगताना शपथा घेत नाही. धाटावच्या कारखान्यांची दुसरी शिफ्ट सुटली, शेवटची बस चुकली, की रोह्याच्या स्टँडवर पोरं त्याच्याभोवती जमतात. "कान्हू माझ्या मेव्हण्याचा शेजारी. खोटं वाटत असंल तर पेणला जाऊन इचारा," एवढंच म्हणतो.

त्यांतला निकेश एकदा म्हणाला, "तुम्हा म्हाताऱ्यांचं भूत नेहमी शेजाऱ्यालाच कसं भेटतं हो?"

काळुरामनं बिडी विझवली. "ऐक तर."

सत्त्याण्णव सालची पिठोरी अमावास्या. सोमवार. सकाळीच सरूनं नवऱ्याला, म्हणजे कान्हूला, पेणच्या बाजारात पिटाळलं. "गूळ, नारळ आनि वेलची. वेलची इसरलात तर खीर तुमच्याच डोक्यावर ओतीन."

वेलचीची पुडी बांधून घेऊन कान्हू वळतो तो समोर सॉलोमन सर. रोह्याच्या शाळेतून रिटायर झालेले. खांद्यावर हमरापूरच्या मूर्तीवाल्याकडून मागून आणलेली प्लास्टरची पिशवी. लोक त्या प्लास्टरचे गणपती करायचे, सर खाडीच्या चिखलातले पायांचे ठसे काढायचे. कुठलं जनावर कुठे उरलंय ते शोधायचं आणि ते वाचावं म्हणून वनखात्याचे उंबरे झिजवायचे, हा म्हातारपणचा उद्योग.

"कान्हू, तुमच्या खाडीच्या बांधाला ऊद आहे." ऊद म्हणजे पाणमांजर. सरांनी पिशवीतून पांढरा ठसा काढला. "बघ, पाच बोटं, मध्ये पडदा. कुत्र्याला चारच असतात. सगळ्या खाडीत मला ही एकच मादी सापडलीय, आणि ती व्यालीय. बीळ कुठाय?"

"नाय म्हाईत."

"बांधाला धोका नाही रे. बिळाच्या मागून दुसरी भर घालून घेऊ, वनखात्याच्या साहेबांशी बोललोय मी. तू फक्त जागा दाखव."

"ऊद नाय हो सर आमच्याकडं. कुत्रंच असंल."

सर हसले. "रोह्यात आम्हा बेने इस्रायली ज्यूंचीही आता दोन-चार घरं उरलीत. भाऊ इस्रायलला गेला. म्हणून हे 'नाय' जरा जास्त टोचतं."

बीळ कान्हूला पक्कं माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्यानंच ते बुजवलं होतं. हैबतरावांचा हुकूम होता. हैबतराव गावातले मोठे. मोठे म्हणजे वयानं आणि आवाजानं. "सरकारला जनावर घावलं की आपल्याच बांधाला आपल्याला हात लावू देनार नाय. उधाणात बांध फुटून खांड पडली, खारं पानी शेतात घुसलं, तर भात कोन देनार? तो मास्तर?" बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढंच काम त्यांना येतं. फावडं मात्र कान्हूच्या हातात दिलं.

चिखल थापताना आतून शिट्ट्या येत होत्या. बारीक, पिल्लांच्या. कान्हूनं चिखल पायानं दाबला होता.

बाजारात एकदा "व्हय" म्हणाला असता तर दुपारपर्यंत बीळ मोकळं झालं असतं. तो वेलची खिशात घालून घरी आला.

पिठोरीला आई पोरांचं आयुष्य मागते. खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतीत कोण? म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण? मागे उभं पोर म्हणतं, मी. वाण उचलतं. आईनं मागे बघायचं नसतं.

लाईट गेलेली. समई तेवढी जळत होती. बांधावर उधाणाचं पाणी आदळत होतं. कान्हू दारात बसला होता.

"अतीत कोण?" सरूनं विचारलं.

मागून शिट्टी आली.

"शिट्टी काय मारतेस गो भूमे? मी म्हन. अतीत कोण?"

पुन्हा शिट्टी. जवळून.

कान्हूनं मान वळवली. भूमिका, त्याची एवढीशी पोर, खांबाला टेकून झोपली होती.

"अतीत..."

सरूचे हात हलके झाले. "घेतलंस व्हय!" हसत ती वळली.

पोर झोपलेली. वाण नाही. जमीन ओली.

"अवो... मग घेतलं कोनी?"

कान्हूनं बोट ओल्याला लावून जिभेवर ठेवलं. खारट.

तो उठला. फावडं नि बॅटरी घेतली. पळाला.

बांधावर काळोख. पाणी काठोकाठ. बिळावर बॅटरी मारली. बुजवलेला चिखल तसाच. कुठं भेग नाही. वर एकच ठसा. पाच बोटं.

त्याच्याच पायाचा.

त्यानं खणलं. थांबला. कान दिला.

काही नाही.

फावडं टाकलं. हातांनी उकरलं. हात आत गेला. मऊ लागलं...

गार.

तीन पिल्लं. एकमेकांत गुरफटलेली. ती त्यानं सदऱ्यात घेतली, आणि त्याच भोकातून खाडी शेतात शिरली.

सकाळी गाव बांधावर. शेतं पांढरी, पाण्याखाली. म्हातारे ओळीनं उभे.

"बांध कुनी फोडला?" हैबतराव ओरडले.

"मी," कान्हू म्हणाला.

पिल्लं कुणी मारली, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या ओळीतल्या सगळ्यांनाच 'मी' म्हणावं लागलं असतं.

बातमी कळून सॉलोमन सर दुपारी आले. सदरा उलगडून उकिडवे बसले. एकेका पिल्लाचा पंजा उघडून बघितला, बोटं मोजली. मग मधल्याच्या ओठाशी थबकले. काहीतरी पांढरं, चिकट, सुकलेलं. बोटानं पुसलं. नाकाशी नेलं.

पुन्हा हुंगलं.

"कान्हू... याच्या तोंडाला वेलचीचा वास कसा?"