ट्रेबल वाढवल्यावर

हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरी घडलं. त्यातलं एक टोक मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून लिहायचं धाडस करते. पटलं नाही तर सोडून द्या.

रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता, दुपारचे पावणेचार. टेबलावर लख्ख ऊन आलेलं.

दादा निवृत्त शिक्षक. अंध मुलांच्या शाळेसाठी तो पाठ्यपुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतो. अकरा वर्षं वहिनी त्याच्या मागे खुर्चीत विणत बसायची. दादा वाचताना चुकला की ती हातातली सुई खुर्चीच्या लाकडी हातावर आपटायची.

टक.

एकदाच. मग दादा थांबायचा आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचा. चुकलेला तुकडा त्यांची लेक नंतर कापून टाकायची. वहिनी मात्र चकार शब्द काढायची नाही. "माझी कटकट मुलांच्या कानात कशाला?" म्हणायची.

भूगोलाचं पुस्तक नवव्या धड्यापर्यंत आलं आणि वहिनी गेली.

दादा रडला नाही.

जेवत होता, झोपत होता, भाजी आणत होता. तीन आठवड्यांनी दहावा धडा वाचायला बसला. कुणी विचारलं की म्हणायचा, "मी बरा आहे." जणू शेजाऱ्याची तब्येत सांगतोय. लोक म्हणाले, खंबीर माणूस. मला मात्र त्या खंबीरपणाची धास्ती वाटायची.

त्या मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"गुरुजी, एक विचारू? दहाव्या आणि अकराव्या धड्यात मधेच टक असा आवाज येतो, तो कसला?"

"पंखा असेल."

"आमची एक मुलगी, चिमणी, ब्रेलच्या पुस्तकावर बोट ठेवून ऐकते. ती म्हणते, गुरुजी चुकले की तो आवाज येतो."

दादाने समोरचं पुस्तक मिटलं.

"परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून विचारलं. तुम्हाला झेपत नसेल तर उरलेले धडे आम्ही दुसऱ्या कुणाकडून..."

"झेपेल," दादा म्हणाला.

त्याने दहावा धडा लावला. कान देऊन ऐकला. काहीच नाही. मग लेकीला ऑफिसात फोन केला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स तिनेच बसवून दिलेलं.

"बाबा, तुमचे कान आता बारीक आवाज सोडून देतात. त्यात तुम्ही बास वाढवून ठेवलाय. आवाज कमीजास्त करायचा तो अल्सामिक्सर उघडा. काळी खिडकी येईल. त्यात उभ्या पट्ट्या दिसतील."

"दिसल्या. थर्मामीटरसारख्या."

"हं. बास म्हणजे जाड, घुमणारा आवाज. तो खाली आणा. ट्रेबल म्हणजे बारीक, टोकदार आवाज. तो वर न्या. बाणाच्या बटणांनी. काही मोडत नाही, घाबरू नका."

"चाळीस वर्षं मीच हे वाक्य मुलांना सांगितलंय."

"मग आता ऐका."

त्याने बास तीसवर आणला. ट्रेबल एकेक पायरी वर नेला. साठ... सत्तर... नव्वद.

त्याचाच आवाज पातळ झाला. पान उलटल्याची सळसळ ऐकू आली.

मग...

टक.

दादाने थांबवलं. पुस्तक उघडून पाहिलं. उताऱ्यात नदी पूर्वेकडे वळत होती. त्याने पश्चिमेकडे वाचलं होतं.

पुन्हा सुरू केलं. टक. तिथेही एक शब्द गाळलेला.

दहाव्या धड्यात नऊ वेळा. नऊ चुका.

त्याने वळून मागे पाहिलं. खुर्चीवर धुतलेल्या टॉवेलांची चळत होती. सुया आणि लोकर तर लेकीने पहिल्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकल्या होत्या.

त्याने अकरावा धडा लावला. सुरुवातीला पुस्तकातलं नसलेलं एक वाक्य होतं, त्याने मुलांसाठी घातलेलं. "मुलांनो, यापुढे मी एकटाच वाचणार आहे."

टक.

इथे तर काही चुकलं नव्हतं.

त्याने तेच वाक्य माइकसमोर पुन्हा म्हटलं. खोली शांत होती. रेकॉर्डिंग लावलं. एकटाच... टक.

पुन्हा म्हटलं. टक.

चौथ्यांदा म्हणाला, "मुलांनो, आता अकरावा धडा."

काही नाही. नुसतं ऊन.

संध्याकाळी लेक आली. तिने माइक बदलला, वायर बदलली, कॉम्प्युटर उघडून पंखा साफ केला. दादाने मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचला. तिने रेकॉर्डिंग ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. नंतर त्या विषयावर ती बोललीच नाही.

दादाने प्रत्येक धडा ट्रेबल वाढवून तपासला. टक आलं की वाक्य परत वाचलं. शनिवारी पुस्तक पुरं करून शाळेला पाठवलं.

रविवारी सकाळी त्याने मला फोनवर हे सगळं सांगितलं. वेळापत्रक वाचून दाखवावं, तसं.

"दादा, थोडे दिवस माझ्याकडे ये राहायला."

"कशाला गं? मी बरा आहे."

आणि मग... फोनमधून...

टक.

अगदी स्पष्ट. लाकडावर सुई.

"दादा, तू काही आपटलंस का?"

"नाही. का?"

मला सांगावंसं वाटेना. पण तो वाट पाहत होता.

"टक झालं," मी म्हणाले.

मग अकरा वर्षांच्या सवयीने त्याने ते वाक्य पहिल्यापासून घेतलं.

"मी..."

तिथेच थांबला. पुन्हा म्हणाला, "मी..." पुढचं त्याला येईना. मग जो आवाज आला, तो मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. दादा रडत होता. मी फोन धरून बसून राहिले.

तो आता माझ्याकडेच असतो. कॉम्प्युटरही इथे आणलाय. ट्रेबल नव्वदवरच आहे, कुणी हात लावत नाही.

आणि मला कुणी विचारलं, कशी आहेस, तर मी "बरी आहे" म्हणते... आणि क्षणभर थांबून ऐकते.