डकवायची पट्टी

गणिताच्या बाईंना आपल्याच वर्गात बसणाऱ्या आपल्या लेकीची जितकी चीड यायची, तितकी कशाचीच येत नसे. बाकी वर्ग घन, शंकू, वृत्तचिती पटापट ओळखायचा. छोटीला मात्र फळ्यावरचा घन म्हणजे दोन चौकोनांची मारामारी वाटायची. सोमवारी तोंडी परीक्षा होती आणि ती घ्यायला खुद्द मुख्याध्यापिका येणार होत्या. छोटी नापास झाली असती, तर बाईंना शिक्षकखोलीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

म्हणून शनिवारी शाळा सुटताना त्यांनी कपाटाच्या तळाशी पडलेला पुठ्ठ्याचा घन पिशवीत टाकला. रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर ठेवताना त्यांना शिसारी आली. पुठ्ठा तेलकट होता, आणि जरा कोमटही. कडेला आत दुमडलेली डकवायची पट्टी होती, तिच्यावरच्या खळीला न धुतलेल्या डोक्याचा वास मारत होता.

"ई! मी नाही हात लावणार, आई. घाण आहे ते."

"नखरे पुरे. कळत नाही ते उलगडून बघायचं. कडेकडेने काप, सपाट कर आणि पृष्ठं मोज."

वर्गातही त्या हेच सांगत. ही त्यांची खास पद्धत होती आणि तिचा त्यांना कोण अभिमान! छोटीने नाक मुरडत कात्री चालवली. पुठ्ठा ओल्या पावासारखा कापला जात होता, अजिबात आवाज न करता.

"सहा," छोटी म्हणाली. मग खालून आणखी एक घडी उलटली. "सात."

"घनाला सहाच असतात. नीट मोज."

छोटीने पुन्हा मोजली. या वेळी आठ भरली. आतली पृष्ठं गुलाबी होती, ओलसर, आणि त्यांच्यावर बारीक लव होती. बाईंनी ते लिबलिबीत प्रकरण कागदात गुंडाळून कचऱ्यात कोंबलं आणि हात घासघासून धुतले. बोटांचा वास काही जाईना.

छोटी मात्र खुलली होती.

"आई, कळलं! सगळं आत दुमडलेलंच असतं ना?"

शंकूला कडा किती, वृत्तचितीला पृष्ठं किती, बाई विचारत गेल्या आणि ती न अडखळता सांगत गेली. एकही उत्तर चुकलं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आणि आई, तुझी डकवायची पट्टी कानामागे आहे."

"हे काय गं बोलणं?"

"सुटत आलीय."

बाई हसायला गेल्या. हसताना कानामागे काहीतरी ओढलं गेलं.

त्यांनी बोट लावलं. केसांच्या आड एक अरुंद पट्टी होती, सरळ काठाची. तिचं खालचं टोक उकललं होतं. बोट चिकट झालं, आणि त्याला तोच वास.

त्यांनी पट्टी घट्ट दाबून धरली.

टेबलावरची कात्री जागेवर नव्हती.

"हलू नकोस हं," छोटी मागून म्हणाली, अगदी त्यांच्याच वर्गातल्या सुरात. "कडेकडेनेच कापते."