शिट्टी वाजतेय तोवर

उन्हं कलली होती. ॲम्ब्युलन्समध्ये डिझेल भरून आम्ही परत निघालो होतो, तेवढ्यात कॉल आला. घोडबंदर रोडच्या वळणावर बाइकवाला पडलाय. तेच वळण. माझा जुना जोडीदार ईश्वर गेल्या वर्षी तिथेच डंपरखाली गेला.

ईश्वर मुर्धा गावचा. पेशंट उचलताना एकाने गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं, ही पद्धत त्याचीच. मी पेशंटवर वाकलेली, रस्त्याकडे पाठ.

"शिट्टी हाय तवर मागं बघायचं न्हाय, रुचिता," तो सांगायचा. "थांबली, का उडी मार."

त्या दिवशी ती थांबली. मी उडी मारली. तो राहिला.

आता ड्रायव्हर साहिल. पोरगा चांगला, पण तोंडाला टाळा नाही. याला शिट्टी कशाला, नुसता बोलता ठेवा, असं मी चिडवायची. त्याला लाल झेंडा आणि शिट्टी घेऊन मागे उभं राहायला सांगितलं आणि मी खाली बसले. बाइकवाला बेशुद्ध. मावळतीचं ऊन थेट गाडीवाल्यांच्या डोळ्यांवर. गाड्या इतक्या जवळून जात होत्या की माझा शर्ट फडफडायचा, जळक्या रबराचा वास नाकात जायचा. जीव मुठीत धरून मी त्याच्या मानेला पट्टा बांधत होते. मागे शिट्टी वाजत होती. एकसारखी.

मग ती थांबली.

मी पेशंटच्या काखेत हात घातले. पाय साहिलने उचलले. तिघेही कठड्यापलीकडे पडलो आणि एक टेम्पो आमची जागा घासून गेला.

"तू... मागे होतास ना?"

"मी स्ट्रेचर काढायला पुढे आलेलो, मॅडम. तुम्हाला सांगितलं पण."

"मग शिट्टी?"

"ती तर केबिनमध्येच राहिली..."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. पेशंटला आत घेऊन पट्ट्यांनी बांधलं, त्याच्याशेजारी बसले. गाडी सुटली तशी मागच्या दाराबाहेर शिट्टी सुरू झाली. खरं सांगते, भीती वाटली नाही. बरं वाटलं. ईश्वर आहे, म्हणजे पाठ सुरक्षित आहे.

काशिमिऱ्याच्या सिग्नलला अडकलो. सायरन वाजवूनही कुणी हलेना. दोन्ही बाजूंना कंटेनर, मागेही गाडी चिकटलेली, एकही दार उघडायला जागा नाही. पेशंटने नुकतेच डोळे उघडले होते, माझा हात घट्ट धरला होता.

आणि मागची शिट्टी थांबली.