अकरा मीटर

हे लिहायचंच नाही, असं हृषीकेश घागने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मागच्या वेळी लिहिलं त्याचं काय झालं ते बघून त्याला स्वतःच्याच बोटांची किळस आली होती. तरी बसला. कारण अल्ताफ.

काळवलीच्या केमिकल वसाहतीत नाल्याच्या कडेने चाळीस वासवेधी आहेत. वासवेधी म्हणजे विषारी वायू हुंगून त्याचा आकडा रेडिओवर सांगणारं डबडं. प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या अँटेनातून स्कॅनर पाळीपाळीने चाळिसांचं ऐकतो. आकडा चढला की वस्तीत भोंगा. सोमवारी दुपारी सडक्या अंड्यांचा वास सुटला, भोंगा गप्पच, आणि नाल्याला चिकटून राहणारा हृषीकेशचा मित्र अल्ताफ दारातच कोसळला.

हृषीकेश तिथला कंत्राटी माणूस. जुने रेडिओ खोलून शिकलेला, डिग्री नाही. अल्ताफला रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं आणि तो तसाच प्रयोगशाळेत घुसला. पडद्यावर चाळीसच्या चाळीस हिरवे.

"मॅडम, हे आकडे आपले नाहीतच!"

रेडिओ इंजिनिअर नवाथे मॅडम चहात बिस्कीट बुडवत होत्या. "मग कुणाचे?"

"पठारावरच्या काजूबागेचे. त्याच कंत्राटदाराने तिथे हेच डबे लावलेत. तीच फ्रिक्वेन्सी, तेच नंबर. मधे टेकडी, म्हणून ऐकू येत नव्हते. परवा तुम्ही अँटेना अठरा मीटरवर नेली, ती टेकडीवरून पलीकडे बघायला लागली."

"उंच अँटेना जास्त ऐकते. चांगलंच की."

"एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलले की रिसीव्हर जोरातल्याचंच घेतो. हळू बोलणारा पुसला जातो. पठारावरून सिग्नल सरळ रेषेत येतो. आपले डबे खाली नाल्यात, शेडच्या आड. आपण काजूच्या झाडांची हवा बघतोय!"

मॅडमनी बिस्कीट संपवलं. बोटं पुसली. ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे सरकवला.

"यात नवीन काय सांगितलंस?"

अर्ज त्याचाच होता, जानेवारीतला. 'अँटेना अकरा मीटरवरच ठेवावी. अठरावर नेल्यास पठारावरचे सिग्नल आपले सिग्नल झाकतील. मग कितीही गळती झाली तरी आकडे स्वच्छच दिसतील.' शेवटच्या वाक्याखाली हिरव्या शाईच्या दोन रेघा. बाजूला साहेबांची सही आणि दोन शब्द: 'अठरा मंजूर.'

"नेमकी उंची सापडत नव्हती आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "छान मांडलंस."

हृषीकेश बेसिनपाशी जाऊन भडाभडा ओकला. मागे मॅडम कुणाला तरी फिनाईल आणायला सांगत होत्या.

दवाखान्यात अल्ताफच्या नाकात नळी होती. "भोंगा का नाय वाजला रे?"

"माझ्यामुळे." त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

अल्ताफने नाकातली नळी सरळ केली. "शाणा तू. आम्ही नाल्यापासून दहा पावलांवर राहतो, आणि आम्हाला न सांगता तू अर्ज केलास साहेबाला." खोकल्याची उबळ सरेपर्यंत तो थांबला. "अम्मी अजून तिथंच आहे, हृष्या."

हृषीकेशने त्याचा हात धरला. "उजेड आहे तोवर गच्चीवर चढतो. नोकरी जाऊ दे. पाना माझ्याच खिशात आहे, अकरा मीटरवर आणूनच उतरतो. आणि हे सगळं लिहितो. या वेळी साहेबाला नाही. वस्तीत दारोदार वाचून दाखवीन. पहिलं दार अम्मीचं. शब्द आहे माझा."