अर्धी लाईन

मी सत्तावीस वर्षं विजेच्या ऑफिसात लोकांचे मीटर तपासले. तारेवर आकडा टाकणारे, मीटरला चुंबक लावणारे, सगळे नमुने बघितले. त्यामुळं एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय: लाईनवर लोड दिसतोय म्हणजे कोणीतरी वापरतंय. यात दुसरं काही नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, सुकलाल पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झाला. झालोही असेन. पण आकडे मी स्वतः वाचलेत, आणि आकडे कसे वाचायचे ते मला कोणी शिकवू नये.

आमचं घर बुऱ्हाणपूरला, लालबाग रोडच्या मागच्या गल्लीत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. वरची ललितची. तो लग्नाचं शूटिंग करायचा आणि कॉम्प्युटरवर बसून त्याची फिल्म बनवायचा. खालच्या खोलीत त्याची धाकटी बहीण तृप्ती, ती एका कंपनीचे फोन घरबसल्या घ्यायची. दोघांचे कॉम्प्युटर दोन, नेटचं कनेक्शन एक. टीव्हीच्या वर पांढरा डबा, त्यातून निळी तार वर ललितकडं आणि पिवळी तार तृप्तीकडं. दोन्ही तारा मी स्वतः पट्टीत बसवल्या होत्या. सगळ्या गल्लीला दाखवल्या होत्या, इतक्या सरळ गेल्या होत्या.

नेटची लाईन चाळीस एमबीची होती. दोघं बसले की वीस-वीस, एकटं कोणी बसलं की पूर्ण चाळीस. नेटच्या कंपनीचा विपुल येऊन तसं लावून गेला होता, कारण दोघांची रोज मारामारी. पण वीस तृप्तीला कधीकधी पुरायचं नाही. साहेबाचा मोठा कॉल असला की ती जिन्याखालून बोंब मारायची, "दादा, निघ ना!" वरून आवाज यायचा, "निघालो गं बाई!" आणि मागोमाग तार काढल्याचा टक्क. एकदा त्याची फिल्म अर्धी गेली होती, दोन तास पाण्यात जाणार होते, तरी निघाला. मी म्हणायचो, "अरे, गरीब गाईसारखा काय वागतो? कधीतरी धरून बस." तर नुसता हसायचा.

मेच्या महिन्यात फोपनारला हळदीचं शूटिंग करून येताना केळीच्या ट्रकनं त्याला उडवलं. एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या कॅमेऱ्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. तो कॅमेरा घरी आणून दिला तेव्हा मी पोलिसांसमोरच तो फेकणार होतो, माझ्या बायकोनं, सुलभानं, हात धरला.

दहाव्याला नागझिरीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या झाडावर दहा-बारा कावळे बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. आपल्याकडं मानतात की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय, मग घरचे एकेक वचन देतात. मी या गोष्टी मानत नाही. तरी हात जोडले. "तृप्तीचं चांगलं करीन, बाबा." काही नाही. माझा भाऊ म्हणाला, "तुझ्या आईबापाला आम्ही बघू." काही नाही. ऊन चढलं, तापीच्या पायऱ्या तापल्या, पाय भाजायला लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात मागून तृप्ती रडत रडत बोलली, "दादा, तुझी लाईन मी घेणार नाही. अर्धी तुझीच राहील."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं कशाला बोलू, मीही टाकला.

तेरावं झाल्यावर तृप्ती कामाला बसली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, वीसच येतंय." मी म्हटलं, असेल कंपनीची भानगड. आठ दिवस झाले तरी वीस. ना एकोणीस, ना एकवीस. ललितचा कॉम्प्युटर बंद, त्याच्यावर सुलभानं चादर घातलेली, प्लग मी हातानं काढून ठेवलेला. मग मला राग आला. लाईन माझी आणि अर्धी चोरतं कोण? मी पासवर्ड बदलला. डब्याचं हवेतलं नेट बंद करून फक्त तारा चालू ठेवल्या. गच्चीवर जाऊन आजूबाजूच्या भिंती बघितल्या, कुठं आकडा दिसतो का. सवय जात नाही. शेवटी निळी तार डब्यातून उपटून काढली आणि तिचं वेटोळं करून खिळ्याला टांगलं.

वीसच.

विपुलला बोलावलं. तो मोबाईलवर बराच वेळ बघत बसला. "काका, कंपनीकडून पूरा चाळीस येतोय. लाईन एकदम ओके है."

"मग जातंय कुठं?"

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. डब्याला काय काय जोडलंय, त्याची यादी होती. दोन नावं. तृप्ती. ललित. दोन्हीच्या पुढं हिरवा ठिपका.

"जुनं नाव राहून गेलं असेल," मी म्हणालो.

"जुन्याला ठिपका नाही येत, काका." तो पाणी न पिताच गेला.

मी हे घरात बोललो नाही, पण सुलभाला माझ्याआधीच कळलं होतं. रोज सकाळी ती तृप्तीला विचारायची, "किती येतंय गं?" तृप्ती म्हणायची, "वीस." मग ती चहा प्यायची. वरच्या खोलीत झाडू मारताना जमिनीवरच्या त्या मेल्या तारेवरून पाय उचलून जायची. मी एकदा ओरडलो, "अगं, काय आहे त्या तारेत?" ती म्हणाली, "काम करतोय तो. तुम्ही हळू बोला." मला वाटलं, बायको वेडी झाली. आणि खरं सांगतो, तिचा हेवाही वाटला.

पण मधल्या मध्ये पोरगी मरत होती. तिचे कॉल अडकायचे, समोरचा साहेब चिडायचा. ऑगस्टमध्ये कंपनीनं तिला काढलं. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं, त्याची परीक्षा घरूनच द्यायची होती. दोन तास कॅमेऱ्यासमोर, आणि लाईन दहा-पंधरा मिनिटं तीसच्या खाली राहिली की परीक्षा बंद. चौदाव्या मिनिटाला बंद झाली. तृप्ती बाहेर आली आणि ओट्यापाशी उभी राहून कोरडी पोळी खायला लागली. रडलीसुद्धा नाही. तीन महिन्यांत पोरीची हाडं दिसायला लागली होती. या घरात राहिली तर ही पण जाणार, असं मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

त्यांनी आणखी एक संधी दिली, शेवटची. मोबाईलचं नेट त्यांना चालत नव्हतं, दुसऱ्या पत्त्यावरून बसलेलं चालत नव्हतं. नवीन कनेक्शन मागितलं तर विपुल म्हणाला, गल्लीच्या डब्यात जागा नाही, महिना लागेल. परीक्षा आठ दिवसांवर.

"तू सांग त्याला," मी तृप्तीला म्हणालो. पहिल्यांदाच उघड बोललो. "तुझं ऐकायचा तो."

"मी शब्द दिलाय, बाबा. घाटावर, सगळ्यांसमोर. आता माझ्या नोकरीसाठी तो मोडू? नाही मिळाली तर नाही मिळाली."

"हौ, आणि आयुष्यभर इथं पोळ्या खात बस."

सुलभा आतून म्हणाली, "तिला काही बोलू नका. आणि त्याला तर अजिबात बोलू नका. मी सांगून ठेवते."

परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला होती. पावणेअकराला तृप्तीनं खोलीचं दार लावून घेतलं. त्याच्या आधी तिनं मला आकडा दाखवला होता. वीस. सुलभा देवाजवळ बसलेली. मी चपला काढल्या आणि जिना चढलो.

वरच्या खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. चादर सारखी केलेली. खाली टांगलेल्या त्या तारेचं हे टोक अजून कॉम्प्युटरच्या मागं खोचलेलंच होतं, ते काढायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी खुर्चीसमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. सत्तावीस वर्षं लोकांच्या लाईनी कापल्या, पण आपल्याच पोराची कापायची वेळ कधी आली नव्हती.

"ललित," मी म्हणालो. "तृप्तीची परीक्षा आहे रे."

खाली कुकरची शिट्टी झाली.

"शब्द तिनं दिला होता. मी नव्हता दिला. मी बाप आहे, मी सांगतोय. राग धरायचा तर माझ्यावर धर."

काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकराला चार मिनिटं कमी होती.

"निघ ना, पोरा."

टक्क.

तार कॉम्प्युटरच्या मागून निघून फरशीवर पडली. त्या टोकाला एक बारीक चाप असतो. अंगठ्यानं दाबल्याशिवाय तार निघत नाही. कितीही ओढा, निघत नाही. ती तार मी बसवलेली, मला माहीत आहे.

मी धावत खाली आलो. विपुलकडून माझ्या मोबाईलवर घेऊन ठेवलेली ती यादी उघडली.

एकच नाव होतं. चाळीस.

सुलभा जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"निघ म्हणालात त्याला?"

"हो."

"कुठं जा, ते सांगितलंत?"

मी तेवढा विचारच केला नव्हता. पोरगं घरातून निघताना आपण विचारतो, कुठं चाललास, जेवायला येतोस का. मी फक्त निघ म्हणालो.

तृप्ती पास झाली. दसऱ्यानंतर पुण्याला गेली. मागच्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला, गाल भरलेत. मला बरं वाटतं, का नाही वाटणार. पण सुलभा सकाळी उठते, चहा ठेवते, तो तसाच निवतो. आता विचारायला कोणी नाही, किती येतंय म्हणून. मीच एकदा मोबाईल बघून तिला खोटं सांगितलं, "वीस येतंय." तिनं कप हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली ठेवला.

दिवाळीच्या सुमारास शेजारचा चुडामण आला. "सुकलालभाऊ, तुम्ही लाईनीतले माणूस. आमच्या नेटला काय झालं बघा ना, दोन महिन्यांपासून बरोब्बर अर्धं येतंय."

"राहू दे ना," मी म्हणालो. "अर्ध्यात भागत नाही का?"

"काहून राहू द्यायचं, भाऊ? पोरं बोंबलतात." तो हसत होता. "आज सगळं बंद करून नवीन डबाच बसवून घेतो."

दोन दिवसांनी रस्त्यात भेटला. म्हणाला, झालं ठीक.

मग मी विपुलला गाठलं. आधी पंधरा दिवस तो टाळत होता, नंतर बोलला. "काका, सच बोलू? ही तक्रार फिरतेय. चुडामणभाऊंकडून पुढच्या गल्लीत, तिथून शनवारा मोहल्ल्यात. लोक चिडतात, डबा बदलतात, की लगेच चाळीस. मग शेजारच्या घरी सुरू. कुठंही थांबत नाही. जरा कोणी हाकललं की गेलं."

"आता कोणाकडं आहे?" मी विचारलं. मला त्या घरी जायचं होतं. पाय धरून सांगायचं होतं, चार दिवस राहू द्या, तो कोणाला त्रास देत नाही.

"खकनार रोडला, शेवटचं घर आहे ना, तिथं होतं. परवा त्यांनीही डबा बदलला."

"आणि मग?"

"मग काही नाही. दोन दिवस झाले, कुठूनच तक्रार नाही." त्यानं गाडीला किक मारली. "त्या घराच्या पुढं आपली लाईनच नाही ना, काका."