धाकटी मान वळवते तिथे

थोरलीने कॅसेट जुन्या टॉवेलात गुंडाळून दुकानात आणली, तेव्हा कॅसेटवाला चहा ढवळत बसला होता. कॅमेऱ्याच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. जिन्याखालची एवढीशी खोली, तीत तापलेल्या वायरींचा आणि स्पिरिटचा वास कोंडलेला.

"कधीची आहे, ताई?"

"चोवीस वर्षं झाली. धाकट्या बहिणीचा निकाल लागला त्या दिवशीची. बाबांनी काढलेली."

"मध्ये कधी चालवली?"

"कुठली चालवणार? कॅमेरा केव्हाच भंगारात गेला. कॅसेट कपाटात नि किल्ली माझ्या गळ्यात."

यात खोटं काही नव्हतं. निकालानंतर दोन महिन्यांत धाकटी तापाने गेली. आईने ती कॅसेट एकदाच पाहिली आणि दोन दिवस तोंडात घास घेतला नाही, म्हणून वडिलांनी कॅसेट कुलपात घातली. वडील गेल्यावर किल्ली थोरलीकडे आली. पुढची अकरा वर्षं दुपारची झोप झाली, चार वाजले, की आई अंथरुणातून म्हणायची, "एकदा दाखव गं. दारातून मान वळवते ना, तेवढंच."

"खराब झाली ती," थोरली म्हणायची.

खोटं होतं ते हे. दुकान चार गल्ल्या सोडून तर होतं. पण औषधपाणी हिने करायचं, रात्री उठून कूस हिने बदलायची, त्यात लग्नाचं वय हिचं निघून गेलं, आणि आईला तोंड बघायचं ते धाकटीचं! थोरलीच्या पोटात ते जळत राही. गेल्या महिन्यात आई गेली. त्या दिवशीही चार वाजता तिने तेच मागितलं होतं.

कॅसेट सुरू झाली. खोली, माणसं, पेढे वाटत मिरवणारी धाकटी. कडेला बशांची चळत घेऊन उभी असलेली थोरली, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मग धाकटी दाराकडे गेली, मान वळवू लागली, आणि चित्र वाकलं. वरचा भाग एका बाजूला ओढला गेला. चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघा सरकत राहिल्या.

कॅसेटवाल्याने मशीनचं फीत वाचणारं हेड पुसलं, चित्र जागेवर आणायचा ट्रॅकिंगचा स्क्रू इकडेतिकडे फिरवला. रेघा हलल्या नाहीत. कापसाच्या बोळ्यावर आलेली तपकिरी भुकटी तो बघत राहिला.

"ताई, फीत पॉजवर धरली की हेड एकाच जागेवर घासत राहतं. जागा झिजते. इथे कुणीतरी थांबवून थांबवून बघितलंय. हजारदा तरी. आणि भुकटी ताजी आहे."

"म्हणजे कपाटाला पाय फुटले म्हणायचे," थोरली म्हणाली. पण तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

मागच्यापुढच्या चांगल्या चित्रांतून एकेक तुकडा उचलून चार दिवस त्याने तो चेहरा बसवला आणि पेनड्राइव्ह हातात दिला. थोरलीने घरी टीव्हीवर एकदाच पाहिलं. धाकटी वळली, हसली, गेली. "एवढं काय होतं त्यात," ती रिकाम्या पलंगाला म्हणाली, आणि पेनड्राइव्ह त्याच कपाटात, त्याच कुलपात गेला.

तीन आठवड्यांनी मामा आला म्हणून तिने तो काढला. धाकटी मान वळवू लागली आणि चित्र वाकलं.

ती पुन्हा दुकानात गेली. कॅसेटवाल्याने आपल्याकडची प्रत लावून पाहिली. ती स्वच्छ होती. तिचा पेनड्राइव्ह लावला, आणि ती जागा पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिली.

"ही फीत नाही, ताई. फाईल आहे. ही झिजत नसते... रोज बघता?"

"एकदाच पाहिली."

"आणि कुलपात होती?"

"कुलपात."

त्याने नवी प्रत करून दिली. देताना आवाज खाली आणून म्हणाला, "मग... उघडी ठेवा. बघू दे ज्याला बघायचंय त्याला."

थोरलीने पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावून ठेवला. रिमोट पलंगावर, आईच्या उशीशी. चार वाजायला आले की ती दार ओढून शेजारी जाऊन बसू लागली. का, विचारलं तर म्हणे, घरात उकडतं.

आठ दिवसांनी धीर करून तिने लावून पाहिलं. धाकटी वळली. चेहरा लख्ख, एक रेघ नाही. थोरलीचा जीव भांड्यात पडला. आता सगळंच नीट बघावं म्हणून तिने पहिल्यापासून लावलं. खोली आली, माणसं आली, कडेला बशा घेतलेली ती आली, आणि चित्र वाकलं.

पांढऱ्या रेघा तिच्या स्वतःच्या तोंडावरून सरकत होत्या.

एकदा तरी आईने धाकटीला सोडून आपल्याकडे बघावं, म्हणून ती जन्मभर झुरली होती. ती टीव्हीपुढे तशीच उभी राहिली. "बघ," ती हळूच म्हणाली, "बघ ना..."

दुसऱ्या दिवशी रेघा वाढल्या. पाचव्या दिवशी तिने लावलं तेव्हा हात दिसत होते, बशांची चळत दिसत होती, एकेका बशीची कड मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. वर तोंड उरलं नव्हतं.