हिरवा ठिपका

मंगळवार, सकाळचे सहा चाळीस. हिमानीच्या पर्शियन मांजरीचा, रेशीमचा, गर्भपात झाला. बेचाळिसावा दिवस होता. मागच्या खेपेलाही बेचाळिसावाच.

नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. म्हणून टोपली घेऊन ती छावणीतल्या नव्या दवाखान्यात शिरली. तिथला डॉक्टर सत्यम तिच्याच वयाचा; बाहीवर कुत्र्याचे केस. त्यानं रेशीमचं पोट अलगद चाचपलं, रक्त घेतलं, मग विचारलं, "खायला काय देता हिला?"

"आमच्याकडं मांसमच्छी चालत नाही. बाबांचं सोवळं…" तिनं पिशवीतून पाकीट काढलं. "हिरवा ठिपका बघूनच घेतलं."

सत्यमनं ते फिरवून पाहिलं. "हे कुत्र्याचं आहे. तेही शाकाहारी." तो हसला नाही. "मांजराला मांस लागतंच, मॅडम. नाहीतर गर्भ टिकत नाय."

"म्हणजे मीच…"

"माया कमी नव्हती. ताट चुकलं." तो टोपलीकडं बघत म्हणाला, "कामावर जाताना हिला इथं सोडा, येताना न्या. तिचं खाणं मी बघतो. आम्ही चितेगावचे, आमच्यात सगळं शिजतं."

"रोज?"

"रोज… डॉक्टरचा सल्ला आहे."

रक्तात संसर्ग निघाला नाही. आठ महिने हिमानी चिकलठाण्याला कामावर जाता-येता तिथं थांबली. रेशीम उकडलेलं काळीज खायची. ते दोघं बाकावर चहा घ्यायचे.

"रविवारीही दवाखाना उघडा?"

"एक पेशंट असते. लई वक्तशीर."

"पेशंट, की तिला आणणारी?"

तो कपात बघत राहिला. "आणणारीला उशीर झाला, की करमत नाय."

 तिनं त्याच्या बाहीवरचा एक केस तेवढा उचलला.

रेशीम पुन्हा गाभण राहिली. सोनोग्राफीत चार ठोके दिसले, तेव्हा सत्यमनं हिमानीचा हात धरला — आणि सोडायचं विसरला.

"घरी विचारायला येऊ?"

"बाबा आधी विचारतील, जेवता काय."

"खरं तेच सांगीन."

"मग या. पण बेचाळिसावा दिवस जाऊ द्या."

आज सकाळी बाबांनी स्वतः टोपली दारापर्यंत आणून दिली. "हिचं शिजवतं कोण?"

"सत्यम," हिमानी म्हणाली.

 बाबांनी टोपलीचं झाकण नीट लावून दिलं.

आज एकेचाळिसावा दिवस. संध्याकाळी सहाला तपासलं. चारही ठोके चालू आहेत.